बोट ठेवणारी

माझ्या आत्तेबहिणीइतकी बोलणारी बाई अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही, आणि गेल्या पंचेचाळीस वर्षांत तिच्या तोंडातून एकही धड शब्द बाहेर पडलेला नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला काही तरी इजा झाली. तेव्हापासून तिचे हातपाय तिला न विचारता स्वतःच्या लहरीने चालतात, मान एका बाजूला ओढली जाते, आणि जीभ तर या सगळ्या बंडखोरांची म्होरकी. बोलायला गेली की घशातून एक लांबलचक आवाज निघतो. त्याचा अर्थ फक्त तिच्या आईला, म्हणजे माझ्या आत्याला कळायचा, आणि तोही निम्मा. पण तिच्या चाकाच्या खुर्चीपुढे अक्षरांची पाटी ठेवा आणि मग बघा. डाव्या हाताची मूठ वर उठते, त्यातलं एकच बोट बाहेर असतं, ते पाटीवर घारीसारख्या घिरट्या घालू लागतं, आपण श्वास रोखून बसतो, आणि मग झपकन ते एका अक्षरावर उतरतं. आपण ते अक्षर मोठ्याने म्हणायचं. बरोबर असेल तर ती पापण्या मिटते. चूक असेल तर अशी बघते की आपण कधी शाळेत गेलो होतो का, याचीच आपल्याला शंका यावी. अशी दहा-बारा उड्डाणं झाली की एक वाक्य होतं, आणि ते वाक्य शंभरातल्या नव्वद वेळा कुणाची ना कुणाची चूक काढणारं असतं. ‘बोट ठेवणे’ हा वाक्प्रचार ज्याने कुणी मराठीत आणला, तो तिच्या गावी, हिंगणीला, येऊन तिला पाहून गेला असावा, असं माझं पक्कं मत आहे.

तिने आयुष्यात दाखवलेला पहिला शब्दसुद्धा तक्रारीचाच होता. ती आठ वर्षांची असताना तिचा धाकटा भाऊ पहिलीत गेला. त्याचा अभ्यास घ्यायला आत्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूने बाराखडी लिहायची, आणि ही कोपऱ्यात पोत्यावर पडून बघत असायची. ती बघता बघता शिकते आहे असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. घरच्यांचं सोडा, गावात तर सगळे तिला सरळ ‘मुकी’ म्हणत. एक दिवस जेवताना तिने घास थुंकला, घरंगळत फरशीच्या मधोमध आली आणि ‘म’वर मूठ आपटली. मग दुसऱ्या वेलांटीवर. मग ‘ठ’वर. आत्याला वाटलं, पोरीला झटका आला. भावाने मात्र अक्षरं नुकतीच शिकलेली असल्याने मोठ्या हौसेने वाचलं, “आई वं, ताई मीठ म्हनून राह्यली!” आत्याने वरण चाखलं. त्यात मीठ नव्हतं. आत्या हातातली पळी तशीच धरून खाली बसली आणि रडायला लागली, ते पाहून भाऊ रडायला लागला, आणि ही मधोमध पडून मिठाची वाट बघत राहिली. तिचे वडील पुढे मरेपर्यंत प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, “आठ वर्सं गप होती माही पोरगी. तोंड उघडलं त घरच्या वरनालेच नाव ठेवलं!” सांगताना त्यांची छाती अशी फुगायची की जणू पोरगी कलेक्टर झाली.

मी तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. वर्ध्याला एस.टी. स्टँडजवळ माझं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि फ्लेक्सचं दुकान आहे, त्यामुळे खडूनंतर तिच्या पाट्या बनवण्याचं काम नात्याने माझ्याकडे आलं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपल्यापेक्षा पक्षाच्या नेत्याचा फोटो मोठा का, म्हणून भांडणारे लोक मी पाहिले आहेत. लग्नाच्या पत्रिकेत आत्याबाईंचं नाव राहिलं म्हणून दुकानात ठिय्या मारणारे काका पाहिले आहेत. पण माझ्या आत्तेबहिणीसारखं गिऱ्हाईक नाही. पहिली पाटी मी मोठ्या प्रेमाने केली. जाड सनबोर्ड, वर चकचकीत लॅमिनेशन, क ख ग घ ओळीने, कडेला झेंडूच्या फुलांची वेलबुट्टी. तिने पाच मिनिटं पाटी न्याहाळली आणि मग बोट फिरवत म्हणाली, “फुलं कोनाले बोलाले लागते?” वेलबुट्टी गेली. मग म्हणाली, जी अक्षरं रोज लागतात ती बोटाजवळ मधोमध घे, बाकीची लांब टाक. मग ङ आणि ञ काढायला लावले, “यायनं माहं आजवर काहीच काम केलं नाई.” मग तिची नजर ‘ण’वर गेली. मी हातापाया पडून सांगितलं की ताई, ण काढला तर शुद्धलेखन बिघडेल, लोक हसतील. तिने शांतपणे अक्षरं जुळवली, “आपल्याकडं कोन म्हन्ते ण? हसू दे. हसाले पहिले वाचा लागन.” ण गेला. आज तिची सोळावी पाटी चालू आहे, आणि माझ्या दुकानातले कारागीर तिच्या फायलीला ‘घटनादुरुस्ती’ म्हणतात.

मध्यंतरी कुठल्याशा शिबिरात तिला एक छापील चित्रांचा तक्ता मिळाला होता. तक्ता चांगल्या मनाने केलेला होता, यात वाद नाही. चोवीस चौकोन, प्रत्येकात एक चित्र: पाणी, जेवण, शी, सू, झोप, पोट दुखतं, डोकं दुखतं, आणि सर्वांत मोठ्या चौकोनात दोन जोडलेले हात, खाली ‘धन्यवाद’. वाटणाऱ्या बाई मोठ्या उत्साहाने म्हणाल्या, “आता यांना जे सांगायचं ते सगळं सांगता येईल!” आत्तेबहिणीने तक्ता घरी आणेपर्यंत दम धरला आणि मला फोन करवून रविवारी बोलावून घेतलं. “यात भांडाचं असन त कोन्त्या चौकोनात जाऊ?” असा तिचा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न, धन्यवाद एवढा मोठा कशाला. “पानी मागाचं, हागाचं, अना धन्यवाद म्हनाचं. माह्या जिंदगीत येवढंच काय?” त्याच आठवड्यात मी नवी पाटी केली. मधोमध, मोठ्या ठळक अक्षरांत, एकच शब्द: ‘काऊन?’, म्हणजे ‘का?’, आणि चार कोपऱ्यांत चार तयार वाक्यं, तिने सांगितली तशी: ‘थांबा, माहं झालं नाई’, ‘मले इचारा, त्याले नाई’, ‘वरडू नका, कान शाबूत हायेत’ आणि ‘पहिल्यापासून वाचा’. मी भीत भीत सुचवलं होतं की निदान एखाद्या वाक्यात ‘कृपया’ घालू. तिचं बोट ‘काऊन’वर गेलं आणि तिथेच बसून राहिलं.

तिचा सगळ्यात कडक नियम म्हणजे वाक्य पुरं होण्याआधी अंदाज करायचा नाही. मराठी माणसाला हा नियम पाळणं फार जड जातं. एकदा एक दूरचे पाहुणे आले होते, बसल्या बसल्या ती ‘पा’ म्हणाली. पाहुणे ताडकन उठले, “पानी! पानी पाह्यजे तिले!” पाणी आलं. तिने मान फिरवली, पुन्हा ‘पा’. “पापड?” पाहुणे म्हणाले. “पाऊस? पावडर? पान?” पाहुण्यांना त्या खेळाचा भलताच रंग चढला; घरातल्या सगळ्यांना त्यांनी त्यात ओढलं. ती घामाघूम झाली, कोपऱ्यातल्या ‘थांबा’वर बोट आपटून आपटून दमली. शेवटी आत्याने सगळ्यांना गप्प केलं, तेव्हा वाक्य पुरं झालं, “पाय काढा. सांभारावर हाय.” विकायला ठेवलेल्या कोथिंबिरीच्या सात जुड्या तोवर पाहुण्यांच्या पायाखाली संपल्या होत्या.

कारण भाजीचं दुकान तिचं. आत्याच्या घरची बाग आहे, वांगी, भेंडी, मेथी, सांभार. आणि बोर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, ताडपत्रीच्या सावलीत, गेली वीस वर्षं ती खुर्ची टाकून बसते. तोलायला वहिनी, म्हणजे तिची भावजय, बोलायला ती. जंगल बघायला आलेल्या गाड्या तिथे थांबतात. त्यांतले काही जण तिच्याशी ओरडून बोलतात, जसं काही वाघाला हाकलत आहेत. त्यांना कोपरा दाखवला जातो. काही जण तिच्या डोक्यावरून वहिनीला विचारतात, “ही काय भाव देते?” त्यांना दुसरा कोपरा दाखवला जातो, आणि तरीही त्यांनी तिला विचारलं नाही तर समोर वांग्यांचा ढीग असूनही त्यांच्यापुरती वांगी संपलेली असतात. अपंगत्वाचा दाखला काढायला गेलो होतो तेव्हाचं तर मला अजून आठवतं. एका तरुण डॉक्टरांनी फॉर्मवरून नजर न काढता आत्याला विचारलं, “हिला समजतं का? स्वतःचं नाव सांगता येतं का?” बोट निघालं. मी वाचत गेलो. “प... हि... ले... तु... म... चं.” डॉक्टरांनी मान वर केली. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि स्वतःचं नाव, गाव, शिक्षण सगळं सांगितलं. हिने पापण्या मिटून मंजुरी दिली आणि मगच आपलं नाव सांगितलं.

चार-पाच वर्षांपूर्वी भावाने तिला एक टॅब आणून दिला. त्यावर अक्षरं दाबली की आतून एक बाई बोलते. बाईचा आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा, स्वच्छ आणि इस्त्री केलेला. हिंगणीच्या बाजारात पहिल्या दिवशी तो आवाज घुमला तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी पदर सावरला. पण तो टॅब तिच्या बोलीला काही केल्या सरावेना. ती लिहायची ‘मले’, तो करायचा ‘मळे’. ती लिहायची ‘करून राह्यली’, तो सुचवायचा ‘करून राहुल’. त्या महिन्यात तिच्या बोलण्यात हा राहुल इतक्या वेळा आला की गावातल्या बायका वहिनीला आडून आडून विचारू लागल्या, कोण हो हा? आणि ‘काऊन’ हा तिचा लाडका शब्द ती बाई दोन तुकडे करून म्हणायची, “का ऊन?” समोरचा माणूस आभाळाकडे बघून म्हणायचा, “हो, तपून राह्यलं खरं.” मी म्हटलं, ताई, ‘का’ म्हण ना, ‘मला’ म्हण, मशीन शहाणं आहे, आपणच थोडं जुळवून घेऊ. तिने टॅब बाजूला सारायला लावला आणि पाटीवर म्हणाली, “जनमभर मीच जुळवून घेऊन राह्यली. आता त्याले म्हना, तू शीक.” आणि खरोखर, रोज तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहून, त्याच्या सूचना झिडकारून, तिने तीन महिन्यांत त्या टॅबला वऱ्हाडी लिहायला शिकवलं. आवाज तेवढा बातम्यांचाच राहिला. त्या सुंदर आवाजात “अबे, तुही अक्कल कुठं चरून राह्यली?” हे वाक्य ज्याने ऐकलं नाही त्याने काय ऐकलं!

मग आत्या गेली. झोपेत गेली, त्रास झाला नाही. आणि दोनच महिन्यांत भावाला वर्ध्याच्या एका कॉलेजात कायमची नोकरी लागली. इतकी वर्षं तो ज्याची वाट बघत होता ती गोष्ट अशी भलत्या वेळी आली. मुलींच्या शाळा, रोजचं जाणं-येणं, सगळा विचार करून वर्ध्याला बिऱ्हाड करायचं ठरलं. मिळालेली जागा दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. मग ताईचं काय? हा प्रश्न घरात सगळ्यांच्या मनात होता आणि तोंडाने कुणी काढत नव्हतं. तो तिच्या थोरल्या काकांनी काढला. परजिल्ह्यात अशा लोकांसाठी एक संस्था आहे, चांगली आहे, तिथे ठेवू. काका वाईट माणूस नाहीत. भाऊ-वहिनी तर नाहीतच. सगळ्यांनी मिळून, तिच्या भल्याचा विचार करून, तिला वगळून ठरवलं. बैठकीत ती तिथेच बसलेली होती, ‘थांबा, माहं झालं नाई’वर बोट ठेवून. पण तेव्हा पाटीकडे बघायचं म्हणजे उत्तर द्यावं लागलं असतं, म्हणून कुणी पाटीकडे बघितलं नाही.

फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या दुकानात रोज पन्नास फॉर्म भरले जातात. त्या सवयीने मी सरसर लिहीत गेलो: नाव, वय, पत्ता, अंघोळीला मदत लागते का, होय, चालता येते का, नाही, बोलता येते का, नाही. रविवारी तो फॉर्म घेऊन मी तिचा अंगठा घ्यायला हिंगणीला गेलो. तिने खूण केली, समोर धर. मी धरला. तिचे डोळे एकेक ओळ उतरत खाली आले, मूठ उठली, आणि या वेळी एकही घिरटी न घालता बोट सरळ त्या ‘नाही’वर टेकलं. मी म्हणालो, “ताई, फॉर्ममध्ये दोनच रकाने होते ना. होय, नाई तर नाही. पाटीचा रकाना कुठं होता?” तिने माझ्याकडे बघितलं. ज्याने तिच्या पंधरा पाट्या छापल्या, त्याने हे लिहिलं होतं. तिने बोट मुठीत घेतलं, मूठ मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले.

तिने अबोला धरला.

आता ज्या बाईला गाव जन्मभर मुकी म्हणत आलं, तिचा अबोला कुणाला कळणार, असं वाटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत तो अख्ख्या हिंगणीला कळला होता. पाटी समोर धरली तर ती वर बघायची, टॅब लावला तर डोळे मिटायची. दुकानात गिऱ्हाईक ओरडून गेलं, तिने कोपरा दाखवला नाही. वहिनीने सडकी भेंडी वरच्या थरात लावली, ती काही म्हणाली नाही. भाचीने ‘आशीर्वाद’ चुकीचा लिहून मुद्दाम तिच्या नाकासमोर धरला, तरी बोट हललं नाही. शेजारणी येऊन वहिनीला विचारू लागल्या, “काऊन वं, तब्येत बरी नाई का तिची? दोन दिस झाले, कोनाले काही बोलली नाई!” नवव्या दिवशी वहिनीचा मला फोन आला. “भाऊजी, तुमी या जी. मले या घरात राह्यवत नाई. दिसभर चुका काढे त वैताग ये, आता कान सुने झाले.” अंगठा अजून घेतलेला नव्हता. काका म्हणाले होते, हात धरायचा आणि टेकवायचा, त्यात काय. वहिनीने त्यांना तोंडावर सांगितलं, “मी नाई धरत, काकाजी. तुमी धरा, तुमच्यात दम असन त.” काकांनीही धरला नाही.

अकराव्या दिवशी, अंगठ्याविनाच, भाड्याची गाडी करून आम्ही तिला ती संस्था दाखवायला नेलं. काका, भाऊ, मी आणि ती. पाटी मी सवयीने सोबत घेतली होती, टॅब घरीच राहिला होता. जागा खरोखर चांगली होती. मोठं आवार, कडुनिंबाची झाडं, स्वच्छ खोल्या, हसतमुख माणसं. अधीक्षिका बाई साठीच्या असाव्यात. त्यांनी माझा फॉर्म वाचला आणि काकांना विचारलं, “यांना काय काय समजतं?”

“समजते सारं,” काका म्हणाले, “फक्त बोलता येत नाई.”

मूठ उठली. मी पाटी पुढे करायच्या आत खुर्चीचा हात थाडथाड वाजायला लागला. पाटी ठेवली, आणि बोट कोपऱ्यात आपटलं: ‘मले इचारा, त्याले नाई’. अधीक्षिका बाईंनी चष्मा सारखा केला, ते वाचलं, आपली खुर्ची उचलून काकांकडे पाठ केली आणि तिच्यासमोर येऊन बसल्या. “बरं बाई,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला विचारते. सांगा.”

त्यानंतर पाऊण तास ती बोलली. अकरा दिवसांचं साठलेलं होतं. वाचणारा मी एकटाच. भावाला पाटीकडे बघवत नव्हतं आणि काकांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. पहिलं वाक्य मी माझ्या तोंडाने असं वाचलं: “फा... र्म... भ... र... ना... रा... खो... टा... र... डा... हाय.” वाचून मी थांबलो. तिने ‘पहिल्यापासून वाचा’वर बोट ठेवलं. मी पुन्हा, न अडखळता, अधीक्षिका बाईंच्या डोळ्यांत बघून वाचलं की फॉर्म भरणारा खोटारडा आहे. मग ती पुढे गेली. “जागा चांगली हाय. लोकं चांगले हायेत. मले नाई पाह्यजे.” मग, “भाऊ वर्ध्याले जाईन, त्याले जाऊ द्या. नोकरी सोडू देऊ नका. मी हिंगनीत राहीन. माहं घर हाय, माहं दुकान हाय.”

काका न राहवून म्हणाले, “एकटी? अन् तुले कोन पाह्यन?”

बोट काकांच्या दिशेने एकदा हवेत फिरलं आणि मग अक्षरांवर उतरलं. मी वाचत गेलो. “काकू जाऊन नऊ वर्सं झाली. तुमाले मोतीबिंदू हाय, गुडघे गेले. स्वयंपाक बाई करते, कपडे बाई धुते. तुमाले काऊन नाई कोनी नेऊन टाकलं?”

काका उठले. मला वाटलं, संपलं, आता हे तरातरा निघून जाणार. ते तिच्या खुर्चीजवळ गेले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. तिने मान हलवून तो हात झटकला, कारण डोक्यावर हात ठेवलेला तिला बिलकूल चालत नाही.

अधीक्षिका बाईंनी फॉर्म मिटून माझ्या हातात दिला. “मला यांना दाखल करून घेता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “यांचा नकार आहे, आणि इतका स्पष्ट नकार मी इथे बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. चहा घेऊन जा.” परतीला निघालो. मी खिडकीबाहेर बघत होतो. सेलू मागे पडल्यावर तिने पाटी मागितली आणि मला म्हणाली, “घरी गेलो का चहा तू पाजजो. बशीनं. सांडू नको.” मला जी माफी मिळाली ती एवढीच, आणि तीही ताकिदीसकट.

तिचं बस्तान बसायला दोन महिने लागले. भावाने दारात उतार करून घेतला, आणि तिच्या पायाशी घंटीचं एक मोठं बटण बसवलं, ते दाबलं की मागच्या गल्लीत बेबीबाईच्या घरात वाजतं. बेबीबाई एकटीच राहणारी, पन्नाशीची, दणकट बाई. अंघोळ, वेणी, स्वयंपाक, दुकान, सगळ्याला तयार होती. टॅब तोवर कायमचा बंद पडला होता, त्यामुळे एकच अडचण होती, ती तिने पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितली, “मले वाचता येत नाई, बाप्पा. हे काय बोलन थे मले काय कळन?” दुसरं कुणी असतं तर दुसरी बाई शोधली असती. माझ्या आत्तेबहिणीने मला फरमान पाठवलं, एक पाटी जास्तीची छाप. आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना, ताडपत्रीखाली, तिने बेबीबाईला अक्षरं शिकवायला घेतली. शिकवणारीला उच्चार करता येत नाही आणि शिकणारीला अक्षर ओळखता येत नाही, अशी ती शाळा. पहिले काही दिवस मी रविवारी जाऊन ओळखीपुरती अक्षरं सांगून यायचो. मग त्या दोघींनी मलाही शाळेतून काढून टाकलं. चार महिन्यांनी बेबीबाईने मला वर्ध्याला फोन करून सांगितलं, “भाऊ, आज मी पुरं वाचलं!” मी विचारलं, काय म्हणाली ती? बेबीबाई लाजून म्हणाली, “मले म्हने, तू दुपारी घोरते लय.”

महिनाभर टिकणार नाही असं जे सगळे म्हणत होते, त्यांत मीही होतो. याला आता तीन वर्षं होतील. भाऊ-वहिनी दर शनिवारी मुलींना घेऊन येतात आणि आठवडाभराच्या चुका दाखवून घेऊन जातात. काका कधी कधी दुपारी येऊन ताडपत्रीखाली बसतात. दोघं भांडतात. काका हल्ली थोडे बहिरे झाले आहेत. तिला ओरडता येत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी तिने मला अधिक मोठ्या अक्षरांची पाटी छापायला सांगितली आहे.

मी रविवारी जातो. अलीकडे तिचं बोट पूर्वीसारखं झपकन उतरत नाही. खांदा दुखतो, स्नायू आखडतात, घिरट्या लांबतात. कधी कधी मूठ अर्ध्यात खाली येते आणि तिला ती पुन्हा उचलावी लागते. डॉक्टर म्हणतात, वयानुसार असं होतं. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं एक यंत्र निघालं आहे म्हणे. त्याची चौकशी मी करतो आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, “पाहू. त्याचे बी कान पिळा लागतीन.” एवढं म्हणायला तिला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागला.

गेल्या रविवारी संध्याकाळी मी निघायला उठलो. वर्ध्याची शेवटची एस.टी. यायची वेळ झाली होती. पिशवी खांद्याला लावली, आणि तिने मूठ उचलली. मी पुन्हा बसलो. पहिलं अक्षर ‘गा’ होतं. दुसऱ्यासाठी बोट बराच वेळ फिरत राहिलं, खाली आलं, परत वर गेलं. बेबीबाई सुपातल्या मेथीच्या काड्या निवडत होती, तिने वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. ‘डी’. आता पुढचं सगळं वाक्य मला कळलं होतं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मी पाटीवरून नजर काढली नाही. रस्त्यावरून एस.टी. आली, थांबली, दार वाजलं, आणि हिंगणीच्या वळणावरून आवाज विरत गेला. बोट अजून फिरतच होतं. मी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत गेलो, आणि ती एकेकावर पापण्या मिटत गेली.

“गा... डी... जा... ई... न... तु... ही. नी... घ.”

“हो ताई,” मी म्हणालो, “निघतोच,” आणि पिशवी खाली ठेवली.